बोल्ट तोच

माझी स्मरणशक्ती चांगली आहे, असं मला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं की शेवटी मी तिच्या जिवावर एका माणसाचे डोळे घालवले. तसे डोळे अजून शाबूत आहेत. त्यांच्यावरचा त्या माणसाचा विश्वास मात्र गेला. हे सगळं मी लिहूनच काढायचं ठरवलं, कारण तोंडी सांगायला लागले की मी स्वतःच्या सोयीचं तेवढंच सांगते. एकदा सांगून झालेलं आहे, त्यामुळे अनुभव आहे.

मी सोलापुरात खाकीतली नोकरी करते. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, कळून कुणाचं भलं होणार नाही. त्यातली सहा वर्षं मी शस्त्रागारात होते. बाईला शस्त्रागारात टाकलं म्हणजे तिची बंदोबस्तातून सुटका झाली, तिची मजा आहे, असं बाहेरच्यांना वाटतं. मे महिन्यात पत्र्याखाली, फोन बाहेरच्या पेटीत ठेवून, तेलाच्या वासात दिवसभर बसून दाखवा एकदा आणि मग मजेचं बोला.

आम्ही शहराच्या पूर्व भागातले, विणकर वस्तीतले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दोन्ही एकाच दमात बोलायची सवय. वडील मागावर होते, आई विड्या वळायची. आई माझ्याशी बोलता बोलता, सुपाकडे न बघता पंचवीस विड्यांची जुडी बांधायची. 'हाताला कळतं,' म्हणायची. मला ते फार आवडायचं. बघायची गरजच नाही, आपोआप कळतं, हा मला मोठेपणा वाटायचा. त्याच सुपातल्या विड्या कारखान्यात गेल्या की तपासणारा त्यातल्या किती बाजूला काढायचा आणि आई त्या दिवशी जेवताना किती गप्प असायची, हे मी बघितलं होतं. पण लक्षात ठेवलं ते आपल्याला हवं तेवढंच.

शस्त्रागाराचे प्रमुख हवालदार माळशिरस तालुक्यातले होते. मेंढरांच्या मागं वाढलेले, सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र एकदम हळू. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी एक जुनी थ्री नॉट थ्री माझ्या हातात दिली. ती रायफल माझ्या आजोबांच्या वयाची असेल, आणि वजनाला आजोबांपेक्षा जड.

"वाच," मामा म्हणाले.

"काय वाचू?"

"लोखंड."

मी इकडून तिकडून फिरवून पाहिलं. मला लोखंड दिसलं, वाचण्यासारखं काही दिसलं नाही. मग त्यांनी माझं बोट धरलं आणि एकेका खुणेवरून फिरवलं. हा मुकुट, म्हणजे ही गोऱ्यांच्या राज्यात घडवलेली. ह्या दुसरीवर मुकुटाच्या जागी सिंह आहेत, म्हणजे ही नंतरची. हे साल. ही नळीवर ठोकलेली बारीक चांदणी. मला ती शोभेची वाटली. मामा हसले. "शोभंची न्हाय पोरी. चांदणी दिसली की समजायचं, नळीला आतनं गंजानं खाल्लंय. वरनं किती बी चकचकीत असूं दे." आणि मग नंबर. तोच नंबर रायफलीच्या अंगावर, तोच बोल्टच्या मुठीच्या मागं, तोच पुढं नळीच्या टोकाशी, ज्याला आम्ही नाक म्हणतो. लाकडी बटावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्यावर, पांढऱ्या रंगात जो मोठा आकडा असतो तो आमच्या रॅकचा, तो कुणालाही वाचता येतो. खरी ओळख लोखंडातली.

बोल्ट म्हणजे मुठीनं मागंपुढं सरकवायचा तो दांडा, गोळीला मागून अडवणारा. तो कारखान्यात एकेका रायफलीला घासून घासून बसवलेला असतो. दुसरीचा लावला तरी बसतो, सरकतो, वरून काही कळत नाही. पण आत केसाएवढी फट राहिली तर गोळी उडताना मागून फुटते आणि जो गाल टेकवून उभा असतो त्याच्या डोळ्यावर येते. म्हणून नंबर जुळवायचे. ही आकड्यांची हौस नाही, कुणाच्या तरी गालाची काळजी आहे, असं मामा म्हणायचे.

एका रायफलीच्या बोल्टवर मला दोन नंबर दिसले. एकावर आडवी रेघ ठोकलेली, शेजारी दुसरा. मी विचारलं, जुना घासूनच का नाही टाकला, चांगलं दिसलं असतं.

"ह्यो बोल्ट आदी दुसरीचा हुता. मग मिस्तरीनं बशिवला हिला. आता जुना नंबर कानशीनं घासला तर पुडच्याला कसं कळणार की आदी काय हुतं? पुसायचं न्हाय. रेघ मारायची आन शेजारी खरं ठोकायचं."

त्यांना हे सगळं नोकरीनं शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे मेंढराचा कान वाचतात. प्रत्येक घराची कापण्याची तऱ्हा वेगळी. त्यांच्या घरची म्हणजे डाव्या कानाला खालून एक खाच आणि उजव्या कानाच्या टोकाला चीर. पाण्यावर चार कळप मिसळले आणि भांडण लागलं की गावातले मामांना बोलावून आणायचे. मामा डोळे मिटून कान चाचपायचे आणि सांगायचे कुणाचं ते. सुट्टीवर गेले तरी हे काम त्यांच्या मागं असायचंच.

आमच्याकडे नंबर वाचायची एक पद्धत होती. एकानं रायफल हातात घेऊन नंबरावर बोट ठेवायचं, मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी बसायचं आणि रजिस्टरात खूण करायची. वाचणाऱ्याला कागद दिसता कामा नये, लिहिणाऱ्याला लोखंड दिसता कामा नये. दिसलं की माणूस जुळवून घेतो, असं मामांचं म्हणणं. म्हणून पाठ.

सहा महिन्यांत मला सगळे नंबर पाठ झाले. कुणी मोठे साहेब आले की मामाच कौतुकानं म्हणायचे, "बटाचा आकडा इचारा साहेब, आमची पोरगी अंगावरचा नंबर सांगती." साहेब विचारायचे, मी सांगायचे, साहेब रायफल उलटी करून बघायचे, बरोबर निघायचा, सगळे हसायचे. माझी मान ताठ. साहेब गेले की मामा कुलूप लावताना म्हणायचे, "ह्यो झाला खेळ. खेळ येगळा, वाचन येगळं. बोट ठेवल्याबिगर बोलायचं न्हाय." मी हो म्हणायचे. मनात म्हणायचे, म्हाताऱ्याला कौतुक सोसत नाही.

मग जुन्या रायफली मोडीत काढायचा हुकूम आला. थोड्या सलामीसाठी ठेवायच्या, बाकीच्या गाडीत घालून पाठवायच्या, तिकडे त्या कापून भट्टीत जाणार. दिवस मे महिन्याचा. गाडी सकाळी येणार होती ती दुपारी बाराला आली आणि ड्रायव्हरनं आल्या आल्या घाई सुरू केली. बोल्ट आम्ही रायफलीतून काढून वेगळ्या लाकडी पेटीत कुलपात ठेवत असू, प्रत्येकाला आकडा घातलेलं भोक. मी एकेक बोल्ट काढायचा, तेलाच्या फडक्यानं पुसायचा, रायफलीत बसवायचा आणि नंबर वाचायचा. जाणाऱ्या आणि राहणाऱ्या, सगळ्याच वाचायच्या होत्या. मामा टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून.

पहिल्या दहाबारा रायफली मी नीट वाचल्या. अंगावर बोट, मुठीमागं बोट, नाकाशी बोट. मग कंटाळा आला. नंबर मला येतच होते. बटाचा आकडा दिसला की अख्खा नंबर तोंडात तयार. मूठ उलटी करून बघायला दोन सेकंद लागतात, ती मी वाचवली. अंगावरचा नंबर म्हणायचा आणि पुढे म्हणायचं, "बोल्ट तोच." ठेका धरला मी त्यावर. नंबर, बोल्ट तोच, नाक तेच. नंबर, बोल्ट तोच, नाक तेच. दारात उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "बाई हाय का मशीन हाय?" मला बरं वाटलं. मी आणखी वेग घेतला आणि दोन दोन बोल्ट एकदम काढून एकाच फडक्यात पुसायला लागले.

मध्येच मामांनी न वळता विचारलं, "बोट ठेवतीस न्हवं?"

"ठेवतेय मामा."

ते वळून बघू शकले असते. वळायचं नाही हा नियम त्यांनीच केला होता आणि तो त्यांनी पाळला.

एक्केचाळीस आकड्याची रायफल जाणार होती, बेचाळीसची राहणार होती. दोघींचे बोल्ट माझ्या फडक्यात एकत्र होते. कुठला कुठे बसवला मला आठवत नाही. एवढं सगळं आठवणाऱ्या मला नेमकं तेवढं आठवत नाही. दोन्ही वेळा मी "बोल्ट तोच" म्हटलं, मामांनी खूण केली, खाली त्यांची सही, शेजारी माझी. गाडी गेली. आम्ही डबे उघडले. मामांनी माझ्या पानात शेंगाचटणी वाढली आणि म्हणाले, "आज लई झपाट्यानं काम केलंस."

दिवाळीनंतर तपासणी झाली. बाहेरून तांत्रिक विभागातले एक गृहस्थ आले होते, बारीक, चष्म्याला दोरी. त्यांना माझ्या पाठांतराचं काही सांगू नकोस असं कुणीतरी मला सुचवायला हवं होतं. मी आपली उत्साहानं नंबर सांगायला गेले. "तुम्ही थांबा," ते म्हणाले आणि एकेक मूठ उलटी करून भिंगातून बघू लागले. बेचाळीसपाशी थांबले. पुन्हा बघितलं. मग रजिस्टर मागवलं, मोडीत गेलेल्यांची यादी मागवली. यादीत बोट फिरवून म्हणाले, "हा बोल्ट एक्केचाळीसचा आहे. ती तर गेली. हा इथं कसा?"

मला तिथंच कळलं. फडकं, दोन बोल्ट, ड्रायव्हर, सगळं डोळ्यांपुढं आलं. आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली. मधल्या काळात बेचाळीस दोनदा सलामीला बाहेर गेली होती. गोळ्या आवाजाच्याच होत्या, पण कुणीतरी पोरसवदा शिपाई तिला धरून उभा होता. त्याला काही झालं नाही, ही माझी पुण्याई नव्हे.

एक्केचाळीस कापली गेली होती. तिच्यात बेचाळीसचा बोल्ट होता हे बघायला आता काही उरलं नव्हतं. चौकशी लागली. जबाब घ्यायला साहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. प्रश्न साधा होता. त्या दिवशी चूक झाली हे उघड आहे. ती वाचणाऱ्याची की खूण करणाऱ्याची?

मी आदल्या रात्रीपर्यंत खरं सांगायचं ठरवलं होतं. बढतीच्या यादीत माझं नाव होतं, हे कारण मी नंतर स्वतःला पुष्कळ दिवस दिलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही तर सगळे नंबर पाठ म्हणता ना?" आणि त्या 'पाठ' शब्दाला मी भाळले. माझ्या डोक्यातला आकडा चुकू शकतो हे कुणाला कळायला नको, एवढंच त्या क्षणी मला वाटलं.

"मी लोखंडावर होता तोच नंबर मोठ्यानं वाचला साहेब," मी म्हटलं. "खूण मी केली नाही."

एवढंच वाक्य. पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. म्हणजे बोल्ट चुकीचा बसला असला, तरी मी त्याचाच नंबर वाचला, आणि रजिस्टरातला नंबर समोर असताना तो वेगळा आहे हे मामांना दिसायला हवं होतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील. मी तयारीही केली होती, उलट काय बोलायचं त्याची. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हताच. ते आठवत होते. त्या दुपारी आपल्याला काय दिसलं होतं ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. मग साहेबांना म्हणाले, "त्या म्हणत्यात तर वाचलं असंल बरूबर. पोरगी बोट ठेवल्याबिगर बोलत न्हाय, मी शिकवलंय तिला. माजंच डोळं चुकलं असत्याल. वय झालं."

माझा हात टेबलाखाली होता. तो वर करून एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं. मी जबाबावर सही केली.

मामांना ठपका मिळाला. अख्ख्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकातलं शिक्षेचं पान कोरं होतं, त्यावर चार ओळी आल्या: दृष्टिदोष व निष्काळजीपणा. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना त्यांना शस्त्रागारातून काढून फाटकावर बसवलं. त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायला लागले. टोमणा म्हणून नव्हे. माझ्यासमोर आपण चुकलो असं त्यांना वाटत होतं, म्हणून.

त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानानं उत्तम आहेत. त्यांना ते पटलं नाही. डॉक्टरांनी मन राखलं, म्हणाले. फाटकावर येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे असायचे. मी जाता येता ऐकायचे. मामा नंबर लिहायचे आणि शेजारच्या शिपायाला म्हणायचे, "बघ की रं जरा, मी लिवलंय तेच हाय न्हवं?" शिपाई आधी हसायचा, मग वैतागायला लागला. मी मागच्या फाटकानं जायला लागले.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, फोटो. मी भाषण केलं. छान केलं, दोघांनी डोळे पुसले. आज ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

फोटो छापून आले ते नेऊन द्यायला कुणाला वेळ नव्हता. मी म्हटलं मी जाते. खरं म्हणजे मला बघायचं होतं की ते बरे आहेत, म्हणजे मला गप्प राहता येईल. थंडीचे दिवस होते. पंढरपूरला गाडी बदलून माळशिरसकडे गेले, तिथून जीपनं गावात. तीनच्या सुमाराला पोचले. मामा घरामागच्या वाघरात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत होते. मामी दारात गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं, च्या ठेवते म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. त्यांना बोलायचं होतं.

"डोळ्यापायी लई खचल्यात बगा. तिकडं नोकरीत कायतरी चूक झाली म्हणं डोळ्यामुळं. तवापासनं कशावर इस्वास न्हाय. मागच्या म्हयन्यात पाण्यावर कळप मिसळलं. आमची एक मेंढी शेजारच्यात गेली. मला लांबनं वळखू येत हुती की. लोकांनी ह्यांनाच बोलीवलं, तुमी कान बगून सांगा म्हणलं. ह्यांनी कान धरला, लई येळ धरला, आन म्हणलं, मला कळत न्हाय. दुसऱ्या कुणाला तरी इचारा. सोताची मेंढी, मॅडम. त्यो घिऊन गेला तिला. गाभण हुती."

मामी शेंगा मोडत राहिल्या. वाघरातून मामांची हाक आली, "अगं ए, हिकडं ये की जरा. ही आपलीच हाय न्हवं?"

"तुमीच बगा की!" मामी ओरडल्या आणि मला म्हणाल्या, "दिवसातनं धा येळा."

मी उठले. चप्पल घातली की नाही मला आठवत नाही. मामा गुडघ्यावर बसले होते, एका मेंढीचा कान दोन बोटांत धरून. डाव्या कानाला खालून खाच मला सुद्धा पाच हातांवरून दिसत होती. मला बघून ते उठायला लागले, "या मॅडम, कवा आला?" म्हणाले. मी म्हटलं, "मामा, तुमचे डोळे चुकले नव्हते. मी बोट ठेवलंच नव्हतं. बोल्ट मी बघितलाच नाही. अंगावरचा नंबर बघून बोल्ट तोच म्हणत गेले. तुम्ही ऐकलं ते बरोबर ऐकलंत, खूण बरोबर केलीत. चौकशीत मी खोटं बोलले."

त्यांनी कान सोडला नाही. "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"परत."

तिसऱ्यांदा मी रडतच सांगितलं. त्यांनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. ते मेंढीच्या कानाकडे बघत होते.

"म्हंजी तवा मला दिसत हुतं."

"दिसत होतं मामा."

"मामा म्हणू नका."

मेंढी हिसडा मारून पळाली. ते उभे राहिले, धोतर झटकलं. मला वाटलं ओरडतील, शिवी देतील. दिली असती तर मी जन्मभर त्यांची ऋणी राहिले असते. ते मला म्हणाले, "मी तुमाला इचारलं हुतं तवा. बोट ठेवतीस न्हवं म्हणून. पाठ करून इचारलं हुतं." आणि पुढे म्हणाले, "तोंडी काय उपेग न्हाय. कागुदावर द्या. आन जुनं पुसू नका. तुमचं बी न्हाय, माजं बी न्हाय. रेघ मारा आन शेजारी खरं लिवा."

मी फोटो मामींच्या हातात दिले. चहा न पिताच निघाले, कुणी आग्रह केला नाही. फाट्यावर गाडीची वाट बघताना मला एकदम हलकं वाटायला लागलं, भूक लागली, टपरीवर दोन वडे खाल्ले. खाताना लक्षात आलं की मी हलकी झाले, पण ती गाभण मेंढी काही परत आली नाही. मग घास गिळेना.

सोमवारी मी अर्ज दिला. आधीचा जबाब खोटा होता, चूक माझी, असं सरळ लिहिलं. साहेबांनी दोनदा विचारलं, नीट विचार केलाय का? रजिस्टर समोर आलं तेव्हा त्या दिवसाच्या 'नंबर वाचले, जुळले' ह्या माझ्या ओळीवर मी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'बोल्टचे नंबर न बघता सांगितले.' खाली सही, तारीख. व्हायची ती शिक्षा झाली. बढतीच्या यादीतून नाव गेलं, शस्त्रागारातून मी बाहेर पडले, आता उन्हात चौकात उभी असते. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घरी आईला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि तेलुगूत एवढंच म्हणाली, बघून करायचं होतंस.

मामांचा ठपका रद्द झाल्याचा आदेश निघायला पुढे चार महिने लागले. नोंद करताना मी मुद्दाम लिपिकाच्या टेबलाशी गेले. त्यानं व्हाइटनरची बाटली काढली होती. जुन्या चार ओळी पुसून पान पहिल्यासारखं कोरं करतो, म्हाताऱ्याला बरं वाटेल, म्हणाला. मी त्याच्या हातातून बाटली घेतली. "रेघ मारा," म्हटलं. त्यानं लाल शाईनं चार ओळींवर चार रेघा मारल्या आणि शेजारी आदेश लिहिला.

पान बघायला मामा स्वतः आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, हातात पिशवी. मी माझी ड्युटी बदलून घेऊन थांबले होते. त्यांनी मला ओळखल्याची मान हलवली, बाकी काही नाही. लिपिकानं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. अक्षर बारीक होतं, खिडकीतून उजेडही धड नव्हता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, जरा वेळ हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

मला राहवलं नाही. "मी वाचून दाखवू का?"

त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"नको, मॅडम. दिसतंय मला."

आणि लाल रेघेखालच्या पहिल्या शब्दापासून, बोट सरकवत, ते मोठ्यानं वाचायला लागले.